सादर केलेले एकतीस लेख

मी वेबसाइट बनवते. चिकलठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं नकाशात जिथं देवघर दाखवलं होतं तिथं माझं टेबल आहे, आणि देव स्वयंपाकघरातल्या फळीवर आनंदात आहेत. नवरा सकाळी कंपनीत जातो, मी भाकरी-भाजी उरकून टेबलाशी बसते आणि आई हॉलमध्ये आवाज बंद करून टीव्ही बघते. वडील गेल्यावर तिला मी पिशोरहून इकडे आणलं. टीव्हीतली माणसं खोटं बोलतात याबद्दल तिला शंका नाही, पण त्यांच्या साड्या तिला आवडतात.

माझ्या धंद्यातलं मुख्य अवजार फुकट मिळतं. हे मी गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर त्याचा एखादा इंजिनिअर भाचा सांगणारच असतो. कोडची एक ओळही न लिहिता माणसाला आपल्या वेबसाइटवर मजकूर टाकता यावा, फोटो बदलता यावा, नको ते काढता यावं, अशी ती व्यवस्था असते. ती कुण्या एका शेठची नाही. जगभरातल्या हजारो लोकांनी ती मिळून बनवली आहे, अजून बनवत आहेत आणि तिचं सगळं पोट उघडं ठेवलेलं आहे. कुणीही बघावं, घ्यावं, दुरुस्त करावं, पुढच्याला द्यावं. "फुकट आहे तर तुम्ही पैसे कशाचे घेता?" असं गिऱ्हाईक विचारतं. विहिरीचं पाणी फुकटच असतं, पण शेंदणाऱ्याचे हात दुखतात, असं मी सांगते. निम्म्यांना पटतं.

आईला मात्र ते पटेना. "फुकट कामून देतेत लोक?" ती सारखी विचारायची. मी तिला सावडीचं उदाहरण दिलं. पेरणीला चार घरची माणसं आपल्या रानात यायची, मग आपण त्यांच्या रानात जायचो, तसं.

"मंग तू कुणाच्या रानात गेली?" आई म्हणाली.

मला राग आला. खरं बोलणाऱ्यावर मला नेहमीच राग येतो. पण त्याच आठवड्यात मी त्या व्यवस्थेच्या पडद्यावरची इंग्रजी वाक्यं मराठीत आणणाऱ्या मंडळींत नाव घातलं. रोज दुपारी दहा-बारा बटणं मराठीत आणायची. आपण लिहिलेलं बटण उद्या सोयगावच्या एखाद्या दुकानदाराच्या बोटाखाली येईल, या विचारानं मला फार बरं वाटायचं, आणि आईला सांगायला तोंडही झालं.

काम बरं चाललं होतं. शहराचं नाव बदललं तेव्हा तर पंधरा दिवस मी दुसरं काही केलंच नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पानाच्या तळाशी औरंगाबाद होतं तिथं छत्रपती संभाजीनगर करायचं. एका गिऱ्हाइकानं दोन्ही ठेवायला सांगितलं, कारण त्याच्या जुन्या पार्ट्या त्याला जुन्याच नावानं शोधत. मी दोन्ही ठेवलं.

माझा एकच कडक नियम होता, गिऱ्हाइकाच्या हाती सगळ्या किल्ल्या द्यायच्या नाहीत. याला कारण एक मंगल कार्यालयवाला. त्याला मी मोठ्या विश्वासानं सगळे हक्क दिले आणि त्यानं ऐन लग्नसराईत मुखपृष्ठच काढून टाकलं. का, तर म्हणे जुनं दिसत होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून मी प्रत्येकाला खालची पायरी द्यायला लागले. त्या पायरीवरचा माणूस लिहू शकतो, पण छापू शकत नाही. लिहून झालं की त्याच्यासमोर एक बटण येतं, 'पुनरावलोकनासाठी सादर करा'. ते दाबलं की मजकूर माझ्याकडे येऊन पडतो. मी बघायचा आणि प्रसिद्ध करायचा. हे बटण मराठीत आणणाऱ्यांत मीही होते.

मागच्या दिवाळीनंतर माझ्या सरांचा मुलगा माझ्याकडे आला. सर म्हणजे पिशोरच्या शाळेत मला मराठी शिकवणारे सर. घरी दखनी बोलायचे आणि वर्गात असं मराठी, की तपासणीला आलेले साहेब वही मिटून ऐकत बसायचे. त्यांचे वडील आमच्या गावचे पिंजारी. कमानीवर कापूस पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचे, आख्खं गाव त्यांना चाचा म्हणायचं. सर निवृत्त झाले, मग त्यांची बायको गेली, आणि मुलानं त्यांना शहरात आणलं. मुलाचं जालना रोडला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे.

"ताई, अम्मी गेल्यापासून अब्बा बोलतच नाय," तो म्हणाला. "पूछा तो 'ठीक है', बस. दिवसभर खिडकीत बसते. डॉक्टर बोले, काहीतरी काम द्या त्यांना. मी म्हणलं, अब्बा लिहीत होते पहले. तुम्ही एक वेबसाइट करून द्या ना. लिहितील, तर बोलतील."

मला एवढंच काम होतं, सरांनी लिहीत राहावं. असं सोपं आणि असं मनासारखं काम मला पूर्वी मिळालं नव्हतं. दोन दिवसांत मी साइट उभी केली. सर मुलाबरोबर घरी आले, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन. आईनं पदर डोक्यावर ओढून त्यांना पाणी दिलं, "बरं हाय ना मास्तर?" विचारलं आणि ती आत गेली. काय लिहायचं, हे सरांचं ठरलेलं होतं. पिशोरचा आठवडी बाजार, त्यांच्या लहानपणापासूनचा. एका लेखात एक माणूस. पहिला लेख त्यांनी वहीत लिहूनच आणला होता, आपल्या वडिलांवर. मी तो त्यांच्यासमोर टाइप केला आणि त्यांच्यासमोरच प्रसिद्ध केला. सर उभ्यानंच पडद्याजवळ वाकून शेवटपर्यंत वाचत राहिले.

"आता हे कुणालाही वाचता येईल?"

"कुणालाही, सर."

"पुढचे मी पाठवत जाईन. तू तपासशील ना, बेटा?"

"हो सर," मी म्हणाले. आपण दिवसातून वीसदा म्हणतो तसंच म्हणाले.

मुलानं त्यांना टॅब घेऊन दिला होता. कसं लिहायचं, कोणतं बटण दाबायचं हे मी दाखवलं आणि सवयीनं त्यांना खालची पायरी देऊन टाकली. ते माझे सर आहेत, मंगल कार्यालयवाले नाहीत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणखी एक गोष्ट मी विसरले. कुणी लेख सादर केला तर ही व्यवस्था मला आपण होऊन कळवत नाही. आत शिरून यादी बघावी लागते. कळवण्याची सोय करता येते, पण ती करावी लागते, आणि मी केली नव्हती.

मग मला एका बियाणं विकणाऱ्याचं मोठं काम आलं. साडेतीनशे वाण, प्रत्येकाचा फोटो, आणि त्याला सगळ्या फोटोंत एकसारखी हिरवी पानं हवी होती. मी त्यात बुडाले. अधूनमधून सरांची साइट उघडायचे, पण बाहेरून, येणाऱ्या-जाणाऱ्यासारखी. तिथं तो एकच लेख दिसायचा. म्हणजे सर काही लिहीत नाहीत, असं मी समजले. वाईट वाटायचं. विचारावंसंही वाटायचं. पण आपल्या मास्तरांना 'गृहपाठ झाला का' असं कोण विचारतं? आमच्याकडे ते बेअदबीचं आहे. मनात म्हटलं, त्यांना वाटेल तेव्हा लिहितील.

असे आठ महिने गेले आणि मुलाचा फोन आला.

"ताई, अब्बा फिर वैसेच. तीन महिन्यांपासून टॅबला हात नाय लावला. परत खिडकीत."

"पण त्यांनी त्याआधी तरी कुठं काय लिहिलं?" मी म्हणाले. माझ्या आवाजात थोडी तक्रारही असावी.

"क्या बात करते ताई. पाच महिने रोज दोपहर लिहीत होते. जेवण झालं की टॅब. मी बघितलंय ना."

फोन ठेवला आणि मी मालकाच्या दारानं साइटच्या आत शिरले. लेखांच्या यादीच्या वर लिहिलं होतं, प्रलंबित (३१). काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते असं. एकतीस लेख माझ्याच घरात पाच महिने येऊन पडत होते आणि मी बाहेरून खिडकीत डोकावून घर रिकामं आहे म्हणत होते.

ती दुपार मी कधी विसरणार नाही. सगळे लेख ओळीनं वाचत गेले. कल्हईवाला होता, तो भांडं आतून चकचकीत करायचा आणि मग त्यात आपलाच चेहरा बघून मिशी नीट करायचा. कासारीण होती, जिला हात हातात घेतल्याबरोबर कळायचं की या बाईच्या अंगावर नुकती मारहाण झाली आहे, आणि मग ती बांगड्या भरताना मुद्दाम वेळ लावायची. म्हशीच्या बाजारातला दलाल होता. तो टॉवेलाखाली बोटं धरून भाव करायचा आणि घरी बायकोशीही हातानंच बोलायचा म्हणे. सरांचं मराठी तसंच होतं, स्वच्छ, कुठंही घाई नाही. आईनं दोनदा चहाचं विचारलं ते मला ऐकूच आलं नाही.

प्रत्येक लेखाच्या शेवटी सरांनी माझ्यासाठी एक ओळ लिहिली होती. पहिल्या काही लेखांखाली नुसतं 'सविनय सादर'. सातव्याखाली 'मागील लेखांत काही चुकले असल्यास कळवावे'. बाराव्याखाली 'विषय पसंत नसल्यास बदलतो'. विसाव्याखाली 'तुझ्या कामाचा व्याप समजतो, घाई नाही'. जिल्हा परिषदेच्या शाळेत सरांनी उभा जन्म काढला होता. तिथं कागद योग्य मार्गानं सादर केला की आपलं काम संपलं. वरून उत्तर येईपर्यंत थांबायचं, विचारणा करायची नाही, विचारणा करणारा माणूस उतावळा ठरतो. माझ्या बटणानं त्यांना सादर करा म्हटलं होतं. त्यांनी केलं होतं, आणि ते थांबले होते. मी त्यांचा मान राखून विचारत नव्हते, ते माझा मान राखून विचारत नव्हते, आणि दोघांच्या मानापानात एकतीस लेख कोंडले गेले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, आणि इथं अतिशहाणी मी होते.

मग शेवटचा, एकतिसावा लेख उघडला. सरांच्या वडिलांच्या पडवीत बाजाराच्या दिवशी गाद्यांना टाके घालायला येणाऱ्या एका बाईवर तो होता. 'एका शेतकरी घरातली सून,' सरांनी लिहिलं होतं. डोक्यावर टोपली घेऊन ती भाजी विकायला म्हणून घरातून निघायची, भाजी लवकर विकायची आणि मग मागच्या दारानं पडवीत येऊन दाभण हातात घ्यायची. दिवसाकाठी ती चार गाद्या टाचायची. तिचा टाका दोरी धरल्यासारखा सरळ यायचा. वडील म्हणायचे, कापूस मी पिंजतो पण गादी ही करते. ती पैशासाठी येत होती हे खरं, सरांनी लिहिलं होतं, आणि तिला त्या कामाची गोडी होती हेही खरं.

ती बाई म्हणजे माझी आई.

माझ्या कानांतून वाफ निघाली. ही गोष्ट आमच्या घरात कुणाला माहीत नव्हती, म्हणजे वडिलांना होती, पण आजोबांना नव्हती, भाऊबंदांना नव्हती, आणि माझ्या सासरी तर नव्हतीच. बारा एकर बागाईत असलेल्या घरची सून दुसऱ्याच्या पडवीत, तीही पिंजाऱ्याच्या, मजुरीला बसते हे आजोबांना कळलं असतं तर त्यांनी तिला घरात घेतलं नसतं. 'आई बाजाराला गेली' एवढंच सांगायचं, हे मला लहानपणी पढवलेलं होतं आणि मी ते इतकं नीट शिकले की मोठेपणीही विसरले नाही. सरांनी नाव घातलं नव्हतं, पण पिशोरचा कुठलाही माणूस दोन ओळींत ओळखेल. माझं बोट 'कचऱ्यात टाका' या शब्दांवर गेलं होतं. तेवढ्यात लेखाखालची ओळ दिसली.

'बेटा, हे तुझ्या आईबद्दल आहे. तुला नको असेल तर काढून टाक. मला सांगण्याचीही गरज नाही.'

मी काही सांगितलं नव्हतं. सरांनी त्यातून काय समजून घेतलं हे आता उघड होतं. तिथंच त्यांनी लिहिणं बंद केलं होतं.

मी तशीच स्कूटी काढली आणि सरांच्या घरी गेले. ते खिडकीत बसले होते, हात मांडीवर ठेवून, खालची वाहनं बघत. सुनेनं मला खुर्ची दिली आणि ती चहा टाकायला गेली. मी सगळं सांगितलं. पायरी, बटण, न लावलेली सूचना, साडेतीनशे वाणांची हिरवी पानं. सांगताना रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

सर म्हणाले, "म्हणजे तू वाचलेच नव्हतेस."

"नाही सर."

"मला वाटलं, वाचून गप्प बसलीस." ते हसले. आठ महिन्यांत बहुधा पहिल्यांदा, कारण सून स्वयंपाकघरातून बघायला आली. "हे बरंच बरं आहे. न वाचलेलं परवडतं."

मी म्हटलं, आत्ता तुम्हाला सगळे हक्क देते. कुणाला सादर करायला नको, स्वतःच छापा. सरांनी मान हलवली. "नको. तपासणारं कुणीतरी पाहिजे. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं तपासलं, माझं कुणी तपासावं अशी फार इच्छा होती. फक्त तू तपास म्हणजे झालं."

"मग आजच तीस लेख टाकते. आणि तो एकतिसावा..."

"त्याचं काय म्हणाली?"

"कोण?"

"तुझी आई."

मी स्कूटीची किल्ली बोटात फिरवत राहिले. सरांच्या लक्षात आलं.

"चूक माझीच," ते म्हणाले. "मी तुला परवानगी मागितली. ती तुझ्याकडे होतीच कुठं? मी सगळा बाजार लिहीत सुटलो, बेटा, एकालाही विचारलं नाही. तुझ्या आईपाशी आलो तेव्हा हात थबकला. म्हटलं, ही माणसं जगली ती त्यांची गोष्ट, मी परस्पर कशी वाटून टाकतोय? तिला वाचून दाखव. ती काय म्हणेल ते मला मान्य. पण तिचं कळेपर्यंत मी पुढं लिहिणार नाही आणि हे तीसही टाकू नकोस. ती नको म्हणाली तर सगळंच राहू दे."

"सगळंच, सर?"

"सगळंच."

जालना रोडवरून परत येताना मी तोच हिशेब करत होते. इतकी वर्षं जिनं ही गोष्ट पदराखाली झाकली, ती हो कशाला म्हणेल? आणि ती नाही म्हणाली की सर परत त्या खिडकीत. मी एकदा असाही विचार केला की तिला सांगायचंच नाही, सरांना हो म्हणून कळवायचं. मी त्या विचाराच्या किती जवळ गेले होते ते आता आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आई हॉलमध्ये भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले. "सरांनी एक लेख लिहिलाय, वाचते, ऐक," म्हणाले. कुणाबद्दल आहे ते सांगितलं नाही. दुसऱ्या वाक्यालाच तिचे हात थांबले. मी वाचत राहिले. भाजीची टोपली, मागचं दार, दाभण, चाचांचं बोलणं. आईकडे बघायची हिंमत मला होईना, म्हणून मी फोनमध्येच बघत शेवटपर्यंत वाचलं.

"चार?" आई म्हणाली.

"काय?"

"चार कोण म्हणलं? सहा व्हायच्या. चाचा कापूस पिंजून देऊस्तोवर मला बसावं लागायचं, नायतर आठ झाल्या आसत्या. मास्तर शाळेतून लई उशिरा यायचा. त्याला काय म्हाईत."

"बरं. सहा करायला सांगते."

"पुना वाच."

मी पुन्हा वाचलं. या वेळी तिच्याकडे बघत वाचलं. तिचा उजवा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होतं, दाभणाला दोरा ओवल्यासारखं. चाचांच्या वाक्यापाशी तिनं मला थांबवलं आणि तेवढंच परत वाचायला लावलं. कापूस मी पिंजतो पण गादी ही करते.

"आसं म्हणायचे व्हय चाचा," ती म्हणाली. "माझ्या म्होरं कधी नाय म्हणले."

मग मी तिला बाकीच्या तीस लेखांबद्दल, कल्हईवाल्यापासून म्हशीच्या दलालापर्यंत, सांगितलं आणि सरांचा निरोपही सांगितला. ती नको म्हणाली तर हे कुणालाच दिसणार नाही. आणि हो म्हणाली तर हे सगळ्यांना दिसेल, आपल्या भाऊबंदांना, माझ्या सासूबाईंना, सगळ्यांना. हे मी जरा जास्तच जोर देऊन सांगितलं असावं. आई माझ्याकडे बघत राहिली.

"तुला लाज वाटती का याची?"

"नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "वाटायची."

"मला नाय वाटली कधी. तुझ्या आज्याचा धाक व्हता म्हून लपवलं. धाक येगळा, लाज येगळी." तिनं शेंगांची टरफलं सुपात सारली. "तो गेला, तुझा बाप गेला. आता कुणाला भ्यायचं?"

"म्हणजे टाकू?"

"थांब की. त्याच्यात माझं नाव कुठं आलं? मला तर ऐकू नाय आलं."

"सरांनी घातलं नाही. 'एका शेतकरी घरातली सून' असं लिहिलंय. तुझा मान राखायला."

"मान," आई म्हणाली. "कल्हईवाल्याचं नाव घातलंय?"

"घातलंय."

"दलालाचं?"

"त्याचंही."

"मंग माझं कामून नाय? सहा गाद्या म्या टाचायच्या आन नाव कुण्या तरी सुनंचं? मास्तरला म्हणावं, नाव घाल. माझं, माझ्या मालकाचं, आडनाव, समदं घाल. मंग लाव."

मी सरांना फोन केला. आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, सहा गाद्यांसकट, 'त्याला काय म्हाईत' यासकट. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

"आहात ना सर?"

"आहे, आहे," ते म्हणाले. "दहा मिनिटं दे."

दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला. "सादर केलंय, बेटा. बघ आत्ता." आणि मग, एका दमात, की येत्या बाजाराच्या दिवशी ते मुलाबरोबर पिशोरला चालले आहेत. कल्हईवाल्याचा नातू तिथंच आहे, कासारणीची लेक जवळच दिलेली आहे, सगळ्यांना वाचून दाखवायचं, चुकलेलं दुरुस्त करायचं आणि मगच छापायचं. दोन-तीन माणसं तर त्यांनी अजून लिहिलेलीच नाहीत, ती भेटली तर बरं. मुलाला दुकान बंद ठेवायला सांगितलं आहे. इतकं सलग मी त्यांना वर्गाबाहेर बोलताना ऐकलं नव्हतं.

मी यादी उघडली. एकतिसावा लेख वर आला होता. सहा गाद्या होत्या. पहिल्याच ओळीत आईचं नाव होतं, पूर्ण. या लिखाणात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, ती माझी पद्धत. पण तिथं तिचं नाव आहे आणि कुणालाही वाचता येईल. मी लेख तपासला. चूक एकही नव्हती. प्रसिद्ध करा दाबलं आणि फोन घेऊन आईजवळ जाऊन बसले. तिला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

"हे तुझं. हे बाबांचं. आणि हे आडनाव."

ती डोळे बारीक करून बघत होती. "एवढं बारीक?"

मी दोन बोटांनी ते मोठं केलं.

"आजून," आई म्हणाली.